हिवाने करपलेली बाग

इरुंगाट्टुकोट्टै हे नाव आमच्या निम्म्या आप्तेष्टांना अजून नीट उच्चारता येत नाही, म्हणून पत्ता विचारला की 'चेन्नईजवळ' एवढे सांगून आम्ही सुटका करून घेतो. श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे, बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव आहे. एका अंगाला मोटारींचा प्रचंड कारखाना, दुसऱ्या अंगाला तलाव आणि भातखाचरे. येथल्या केंद्र सरकारच्या एका कचेरीत आम्ही कारकुनी करतो. या मुलखात सर्व काही मिळते, थंडी तेवढी मिळत नाही. चेन्नईच्या शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदींत पारा 13.9 अंशांच्या खाली उतरल्याचे आढळत नाही. तरीही मार्गळी महिना लागला की आमचे घरमालक पहाटे कानांना मफलर गुंडाळून बाहेर पडतात आणि 'पनि' फार आहे म्हणून आम्हांला बजावतात. तमिळमध्ये दवही पनि, धुकेही पनि आणि हिमही पनिच. एका शब्दात तिन्ही सामावतात, याचे आम्हांला प्रारंभी मोठे कौतुक वाटे.

शब्द एक असला तरी त्याची झळ सर्वत्र सारखी नसते, हे 2018 च्या डिसेंबरअखेरीस कळले. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात आमचे घर आणि दोन एकर द्राक्षबाग आहे. ती आमचे वडील बंधू सांभाळतात. त्या आठवड्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात 1.8 अंश तपमानाची नोंद झाली. पहाटे दादांचा फोन आला. "पानावरचं दव गोठलंय रे. हात लावला तर काचेसारखं वाजतंय," एवढेच ते म्हणाले.

पारा शून्यावर आलेला नसताना दव कसे गोठले, अशी शंका वाचकांना येईल. आम्हांलाही आली होती. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार-सव्वाचार फूट उंच, लाकडी पेटीत सावलीला टांगलेला असतो. बागेतले पान मात्र उघड्या आभाळाखाली असते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्रभर ते आपली उष्णता वर फेकत राहते आणि भोवतालच्या हवेहूनही काही अंश थंड होते. थंड हवा जड असल्यामुळे ती पाण्यासारखी सखल भागाकडे वाहत जाते व तेथे साचते. आमच्या बागेची ओढ्याकडची बाजू सखल आहे. पहिला घाला तेथेच पडला.

वेळही वाईट होती. गोडी छाटणी ऑक्टोबरात झालेली, घड भरत आलेले, परंतु मण्यांत साखर उतरायची होती. साखरेचे पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठते; पिकत्या मण्याला तेवढे तरी कवच असते, हिरव्या मण्याला तेही नसते. दादांनी रात्री दोनपासून बांधाबांधाने शेकोट्या पेटवल्या होत्या आणि विहिरीचे पाणी सोडले होते. धुराचे पांघरूण बागेला वाचवते अशी समजूत आहे. खरे काम धूर करीत नाही, आगीची ऊब आणि तिने हललेली हवा करते. पाण्याचा हिशेब अधिक चोख आहे. वीस अंशांचे एक लिटर पाणी शून्यापर्यंत निवताना वीस किलोकॅलरी उष्णता देते आणि गोठताना आणखी ऐंशी देते. गोठणारे पाणीच ऊब देते, ही सृष्टीची विलक्षण तऱ्हा आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर हिमाची धाड आली, तेव्हा तेथील बागाईतदारांनीही रात्री वेलींच्या रांगांमधून हजारो मेणबत्त्या पेटवल्या होत्या. विज्ञान पुढे गेले, पण पहाटे तीन वाजता बागाईतदार जगात सर्वत्र आगच पेटवतो.

परंतु खरी कसोटी उजाडल्यावर लागली. दुपारपर्यंत सखल भागातली पाने उकडल्यासारखी काळवंडली, काही घडांतल्या मण्यांना तडे गेले. सायंकाळी एक व्यापारी आला आणि सगळी बाग उक्ती मागू लागला. देऊ केलेला भाव औषधांच्या उधारीलाही पुरता नव्हता. सोसायटीचे कर्ज तर दूरच. "उद्या हेही मिळणार नाही," असे सांगून तो सकाळपर्यंतची मुदत देऊन गेला. दादांनी फोनवर विचारले, "तू शिकलेला आहेस. देऊन टाकू का?"

परमुलखी नोकरी करणाऱ्या आपणा सर्वांना हा प्रश्न कधी ना कधी येतो. घरी आई आजारी असते, भिंत पडलेली असते किंवा बाग करपलेली असते. आणि बाराशे किलोमीटरवर असलेल्या, महिन्याचा पगार घेणाऱ्या माणसाकडून निर्णय हवा असतो. आम्ही त्या रात्री उत्तर देण्याआधी घरमालकांपाशी विषय काढला. गोठलेले दव त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. मात्र 2015 च्या पुरात त्यांचे भात पाण्याखाली गेले होते. ते म्हणाले, "सार, आधी पाणी काढलं. मग काही केलं नाही. नवं पान येतं का, ते पाहिलं." यातले 'काही केलं नाही' हे शब्द आम्हांला महत्त्वाचे वाटले.

आम्ही दादांना सांगितले, विकू नका आणि आठ दिवस कात्रीही लावू नका. हिवाने किती मारले हे पहिल्या दिवशी कळतच नाही. काळे पडलेले पान मेलेले असले तरी ते घडावर सावली धरते. ते तोडले तर उरलेले मणी उन्हाने भाजतात. औषधांच्या उधारीपुरते पैसे आम्ही भविष्यनिर्वाह निधीतून उचलून धाडले. कारण थांबा असे दुरून सांगणे सोपे असते, थांबण्याचा खर्च मात्र जवळच्याला सोसावा लागतो.

आठ दिवसांनी वहिनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन बागेत गेल्या. प्रत्येक वेलीच्या काडीची साल त्यांनी नखाने खरवडून पाहिली. आत हिरवे दिसले तर पुढे जायचे, तपकिरी दिसले तर चिंधी बांधायची. तीन दिवस हे काम चालले. मग चिंधीच्या वेलींवरचे घड उतरवले, उरलेल्या घडांतून तडकलेले मणी कात्रीने काढले, म्हणजे कूज पसरू नये. मार्चमध्ये दोन-तृतीयांशाच्या आसपास माल निघाला. कर्ज फिटले नाही. व्याज आणि थोडे मुद्दल फिटले. व्यापाऱ्याच्या भावात तेवढेही झाले नसते.

एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली. दादांनी कळवले की चिंध्या बांधलेल्या वेलींपैकी अकरा ओलांड्यापासून पुन्हा फुटल्या आहेत. वहिनींनी त्यांच्या चिंध्या सोडून घेतल्या आणि धुऊन ठेवल्या.