विनोद दुआ आणि बाबांची वही

बाबांचं कपाट रिकामं करताना एक शंभरपानी वही हाती आली. पेन्सिलीने आखलेले रकाने आणि शेवटी ठळक बेरजा: काँग्रेस १९७, जनता दल १४३, भाजप ८५. नोव्हेंबर १९८९ची लोकसभा निवडणूक. त्यावरून बोट फिरवलं आणि कानात दूरदर्शनवरचे पत्रकार विनोद दुआ यांचं हिंदी सुरू झालं.

तेव्हा मतपत्रिका हाताने मोजत, निकाल रखडत येत. दूरदर्शन मधल्या वेळात सिनेमे दाखवी. आई झोपून जाई. बाबा पेन्सिलीचं टोक ओलं करून पुन्हा बेरीज तपासत. मग निवडणूक विश्लेषक प्रणय रॉय इंग्रजीत मतांचा कल उलगडत आणि शेजारी बसलेले दुआ तेच तिथल्या तिथे हिंदीत सांगत. बाबांचं इंग्रजी सातवीपुरतं. पण विरोधक एकत्र आले की थोडक्या मतांनी किती जागा फिरतात, हे त्यांना नीट कळलं. दुसऱ्या दिवशी एसटी डेपोत त्यांनी ते सगळ्यांना समजावलं. दुआंनी माझ्या वडिलांना अडाणी धरलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर जीव.

त्याआधी १९८५मध्ये, सरकारी दूरदर्शनवरच, 'जनवाणी'त त्यांनी मंत्र्यांना सामान्य माणसांच्या प्रश्नांसमोर बसवलं होतं. आता पडद्यावर आठ चौकटी एकमेकींवर ओरडतात आणि सामान्य माणूस त्यांतल्या एकीतही नसतो. याचा मला राग आहे, आणि तो जाणार नाही.

२०२०मध्ये यूट्यूबवरच्या टीकेसाठी हिमाचलात दुआंवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. ३ जून २०२१ रोजी न्यायमूर्ती उदय लळित आणि विनीत सरन यांनी तो रद्द केला. सरकारवरची नुसती टीका म्हणजे राजद्रोह नव्हे, असं सांगणाऱ्या १९६२च्या केदारनाथ सिंह निकालाचं संरक्षण प्रत्येक पत्रकाराला आहे, असं बजावलं. बातमी वाचताना मला पुन्हा तेच दिसलं, ओली पेन्सिल, वाकलेले बाबा. त्याच महिन्यात दुआंच्या पत्नी कोविडने गेल्या. ४ डिसेंबरला दुआही.

सांगायला घरात आईच होती. तिला निकालाचे दुआ आठवेनात. "तो गावोगाव खात फिरायचा, तोच ना?" 'ज़ायका इंडिया का' हा त्यांचा खाण्यावरचा कार्यक्रम ती चुकवत नसे. कढईपाशी उभ्या माणसाचं तो मन लावून ऐकतो, म्हणाली.

तिचं असं कुणी ऐकलं होतं? मी विचारलं, काळ्या मसाल्यात दगडफूल कधी घालतेस? ती मिरच्या भाजण्यापासून सुरू झाली आणि तिच्या माहेरच्या उखळापर्यंत बोलत राहिली.