हलक्या गाडीचे सुख

वेग आणि गती हे शब्द आपण व्यवहारात सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण ज्याने मोटार केवळ कुठे पोचण्यासाठी नव्हे, तर चालवण्याच्या आवडीने चालवली आहे, त्याला त्यांतील अंतर ठाऊक असते. वेग काट्यावर दिसतो. गती अंगाला जाणवते. ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या बंद, शांत, थंडगार गाडीत गतीचा स्पर्शही होऊ नये, आणि ताशी पन्नासने वळण घेणाऱ्या जुन्या हलक्या गाडीत मात्र तिने तळहातांतून, पाठीतून, पावलांतून शरीरात शिरावे, असा हा प्रकार आहे. पंचवीसहून अधिक वर्षे एक जुनी छोटी गाडी आणि अलीकडे घरात आलेली एक नवी, अशा दोन्ही मी ठाणे ते कल्याण-डोंबिवली या टापूत चालवीत आलो आहे. त्या दोघींनी मला जे शिकवले, ते येथे सांगावेसे वाटते.

इंग्रजीत ज्यांना 'हॉट हॅच' म्हणतात, त्या गाड्यांमागची कल्पना मुळात फार साधी. मागे वर उघडणाऱ्या दाराची, रोजच्या वापराची लहानशी गाडी घ्यायची, तिच्यात थोडे अधिक ताकदीचे इंजिन बसवायचे, तिच्या स्प्रिंगा जराशा कडक करायच्या आणि बाकी सारे जसेच्या तसे ठेवायचे. सोमवारी ती मुलांना शाळेत पोचवते, बाजारहाट करते. रविवारी पहाटे घाटात मालकाला पुन्हा तरुण करते. जर्मनीच्या फोक्सवॅगनने १९७६ साली विक्रीस आणलेली गोल्फ जीटीआय हा या जातीचा आदर्श मानला जातो. १.६ लिटरचे इंजिन, ११० अश्वशक्ती, आणि वजन आठशे किलोंच्या आसपास! गंमत अशी की, हीच गोल्फ जीटीआय आपल्या देशात अधिकृतपणे आली ती २०२५ साली, जवळजवळ अर्ध्या शतकाने. तोवर तिची ताकद २६५ अश्वशक्तीवर गेली होती, वजन चौदाशे किलोंच्या पुढे सरकले होते आणि किंमत त्रेपन्न लाखांच्या घरात पोचली होती. या जातीची सारी वाटचाल एवढ्या तीन आकड्यांत सामावली आहे.

आपल्या भागाचा या कुळाशी काही संबंध नाही, असे मात्र कोणी समजू नये. कल्याण-शीळ मार्गावर आजही 'प्रीमियर'चे नाव लोकांच्या तोंडी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा जुना कारखाना कुर्ल्याला. टॅक्सीच्या रूपाने साऱ्या मुंबईला ठाऊक असलेली पद्मिनी तिथलीच. त्याच कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात, फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत, नव्वदच्या दशकाच्या मध्यास प्यूजो ३०९ तयार होऊ लागली. युरोपात या ३०९च्या सख्ख्या भावंडाला १.९ लिटरचे १३० अश्वशक्तीचे इंजिन आणि 'जीटीआय' ही अक्षरे मिळाली होती. आपल्या वाट्याला आले ते १३६० सीसीचे सौम्य पेट्रोल इंजिन आणि डिझेल. पण सांगाडा तोच, मागच्या चाकांची ऐसपैस उडी शोषून घेणारी रचनाही तीच. आमच्या एका शेजाऱ्यांकडे ती होती. मानपाड्याच्या खड्ड्यांवरून ती नाक न मुरडता जाई आणि वळणावर मात्र अशी ठाम उभी राही की, शेजारी बसलेल्यालाही तिचे कुळ कळावे. दशक संपण्यापूर्वीच, कामगारांचे तंटे नि भागीदारीतील विसंवाद यांत, ते उत्पादन थांबले. पुढे २००१ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट पॅलिओ बाहेर पडली. तिची १.६ लिटरची, शंभर अश्वशक्तीची आवृत्ती हीच आपल्याकडची पहिली खरीखुरी 'हॉट हॅच', असे जाणकार मानतात. पेट्रोल पिण्यातही ती तितकीच हौशी होती!

माझा खिसा या दोघींना पेलणारा नव्हता. मी १९९८ साली घेतली ती मारुती झेन. कल्याणच्या परिवहन कार्यालयाचा 'एमएच ०५' हा क्रमांक ती आजही मिरवते आहे. १९९३ साली आलेल्या या गाडीला रीतसर 'हॉट हॅच' म्हणणे पंडितांना रुचणार नाही. ९९३ सीसीचे इंजिन आणि अश्वशक्ती अवघी पन्नास. पण इंजिन ॲल्युमिनियमचे, गिअर पाच, आणि साऱ्या गाडीचे वजन साडेसातशे किलोंच्या जवळपास. ज्यांच्या तारुण्यात चारच गिअर असलेली पद्मिनी हीच मोटारीची व्याख्या होती, त्यांना तिचा गिअरचा दांडा प्रथम हाती आला तेव्हा काय वाटले असेल, हे आजच्या मुलांना सांगून समजायचे नाही. दोन बोटांनी दुसऱ्यातून तिसऱ्यात जावे आणि इंजिनाने तक्रारीऐवजी गाणे सुरू करावे, हा अनुभव आमच्या पिढीला नवा होता.

या सुखाचे मर्म कशात आहे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या झेनच्या स्टिअरिंगला कसलीही मदत नाही. ना तेलाच्या दाबाची, ना विजेच्या मोटारीची. पुढची चाके आणि माझे हात यांच्यामध्ये केवळ एक दांडा व दातेरी पट्टी. त्यामुळे रस्त्यावरची वाळू, ओल, डांबराची शिवण, सारे हातांना आधी कळते आणि डोळ्यांना मागाहून दिसते. ॲक्सिलरेटरपासून कार्ब्युरेटरपर्यंत एक तार जाते. पाऊल दाबले की तार ओढली जाते, झडप उघडते, अरुंद गळ्यातून हवा वेगाने आत घुसते आणि जाताना पेट्रोल खेचून नेते. माझ्या पावलाचे म्हणणे इंजिनापर्यंत जाताना मध्ये कोणी दुभाषा नसतो. जानेवारीतल्या पहाटे चोक ओढून, तिचा खोकला थांबेपर्यंत दोन मिनिटे धीर धरावा लागतो. ती दोन मिनिटे मला कधी वाया गेल्यासारखी वाटली नाहीत. प्रवासाला निघण्यापूर्वी सोबत्याची प्रकृती विचारावी, तसे ते असते.

या गाडीचे खरे घर म्हणजे कल्याण-मुरबाड रस्ता. रविवारी उजाडण्यापूर्वी शहाडचा पूल ओलांडावा, म्हारळ-कांबा मागे टाकावे, रायत्याला उल्हास नदीवरचे धुके काचेवर घ्यावे. मुरबाड, सरळगाव, टोकावडे असे करीत रस्ता माळशेजच्या भिंतीकडे जाऊ लागला की पुढे वळणांची माळ सुरू होते. तेथे पन्नास अश्वशक्ती ही फार मोठी संपत्ती आहे. चढावर गती सांभाळायची तर वळणापूर्वी योग्य गिअर हाती असावा लागतो, ब्रेक वेळेवर सुटावा लागतो, आणि वळणातून बाहेर पडताना पाऊल पूर्ण खाली जाऊ शकते. हे 'पूर्ण' महत्त्वाचे. गाडीत जेवढे आहे तेवढे सारे आपण मागितले आणि तिने दिले, हे समाधान ताशी पन्नास-साठच्या वेगात, कोणाच्या जिवाला घोर न लावता आणि कायदा न मोडता मिळते.

आता नव्या गाडीविषयी. माझी कन्या ठाण्याला नोकरी करते. रोजचे जाणे-येणे तिच्याच गाडीने. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिचेही इंजिन एक लिटरचेच आहे, पण त्याला टर्बो आहे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरानेच फिरणारा पंखा आत अधिक हवा कोंबतो, आणि तेवढ्याच आकारातून १२० अश्वशक्ती निघते. माझ्या गाडीच्या दुपटीहून अधिक! क्लचचे पेडल नाही. गिअर ती स्वतःच बदलते, आणि माझ्यापेक्षा चपळाईने बदलते. घोडबंदर मार्गावरच्या संध्याकाळच्या रांगेत ती गाडी म्हणजे आशीर्वाद आहे. माझ्या झेनने त्या रांगेत डावा गुडघा दीड तासात निकामी करावा, तिथे कन्या ताजीतवानी घरी येते. उगाच जुन्याचे गोडवे गाऊन हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु त्या गाडीचा आनंद जेथे सुरू होतो, तेथे आपला रस्ता संपतो, ही माझी अडचण आहे. ठाण्याहून डोंबिवलीस येताना मुंब्रा बाह्यवळणावर क्वचित एखादा मोकळा तुकडा मिळतो. पाऊल जरा दाबावे, तर चार क्षणांत कायद्याची मर्यादा ओलांडली जाते आणि गाडीला त्याचे काहीच वाटत नाही. तिच्या शक्तीचा निम्मा हिस्सा बँकेत ठेवलेल्या, पण कधीच काढता न येणाऱ्या ठेवीसारखा पडून राहतो. स्टिअरिंगला विजेची मोटार मदत करते. ते हलके आहे, अचूक आहे, पण चाकाखाली काय चालले आहे याविषयी ते मौन पाळते. पाऊल दाबले की संगणक आधी विचार करतो आणि मग इंजिनाला आज्ञा देतो. तिला माझी गरज नाही, असे मला सतत जाणवत राहते. झेनला मात्र माझी गरज आहे.

आणि तरीही माझे मत इतके सोपे राहू शकले नाही. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रात्री कन्येच्या शेजारी बसून मी ठाण्याहून परतत होतो. शीळफाट्याअलीकडे, मुसळधार पावसात, पुढचा मालट्रक दिवे न लावता एकाएकी थांबला. तिने सारे बळ एकवटून ब्रेक दाबला. पेडल थरथरले, चाके अडकली नाहीत, आणि तिने स्टिअरिंग वळवताच गाडी शहाण्यासारखी बाजूला सरकून उभी राहिली. १ एप्रिल २०१९पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना सक्तीची झालेली एबीएस ही यंत्रणा त्या क्षणी आमच्या बाजूने उभी होती. माझी झेन असती, तर अरुंद टायरांवर, अडकलेल्या चाकांनी ती सरळ घसरत गेली असती. जानेवारी २०१४मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या, एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या, तेव्हा पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले होते. माझी गाडी तर त्यांच्याही आधीच्या पिढीची. ज्या हलकेपणावर मी एवढा भाळलो, तो हलकेपणा म्हणजे काही अंशी माझ्या नि मृत्यूच्या मधल्या पत्र्याचा पातळपणा आहे. ही गोष्ट मला ठाऊक होती. त्या रात्री ती कळली.

म्हणूनच, गेल्या हिवाळ्यात कन्या म्हणाली, "डॅडी, मला झेन चालवायला शिकवा," तेव्हा मी तत्काळ होकार दिला नाही.

"बाय, तुझी गाडी दहा पटींनी चांगली आहे," मी म्हटले.

"ते मला ठाऊक आहे. पण तुम्ही मुरबाडहून परत येता ना, तेव्हा तुमचा चेहरा वेगळा असतो. माझा तसा कधी होत नाही."

या बोलण्यापुढे माझे तारे नि आकडे निष्प्रभ ठरले. बापाने मुलीला काय द्यावे? जिवाची हमी द्यावी, हे उघड आहे. पण ज्या गोष्टीने आपले आयुष्य उजळले, ती धोक्याची आहे म्हणून तिच्यापासून लपवून ठेवावी का? पुष्कळ विचाराअंती मी एक तोड काढली. रोजच्या रस्त्यावर, रात्री आणि पावसात तिने आपलीच गाडी न्यावी. झेन तिला मिळेल ती रविवारी पहाटे, कोरड्या रस्त्यावर, आणि मी शेजारी असताना. ही तोड तिला पूर्णपणे पटली नाही, मलाही नाही. पण आम्ही दोघे तिला बांधील आहोत.

पहिल्या दिवशी म्हारळपर्यंत तीन वेळा इंजिन बंद पडले. चौथ्या रविवारी, गोवेलीच्या पुढे एका वळणावर, तिने ब्रेक हलका केला, क्लच दाबला, तिसऱ्यातून दुसऱ्यात आली आणि धक्का न बसता पाऊल पुन्हा खाली नेले. ती काही बोलली नाही, फक्त हसली. मग मोबाइल वाजला, आणि तो कोणाचा आहे हे पाहण्याचेही तिला भान राहिले नाही. मला जे तिला द्यायचे होते, ते हेच असावे. गाडी हे त्याचे निमित्त. ज्या यंत्राला तुमच्या अवधानाची गरज असते, ते तुम्हांला अवधान शिकवते. आणि असे अवधान घेऊन नव्या, बुद्धिमान गाडीत बसणारा माणूस तीही अधिक चांगली चालवतो. अलीकडे पावसात ती पुढच्या गाडीपासून राखीत असलेले अंतर वाढले आहे, हे मी पाहिले आहे.

झेनचे आयुष्य किती, हे मात्र आता माझ्या हाती उरलेले नाही. तिचे सुटे भाग शोधीत आमचे मिस्त्री कुर्ल्याच्या बाजारात फेऱ्या मारतात. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. देशाच्या तिजोरीला ते हिताचे असेलही, पण जुन्या कार्ब्युरेटरच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्या मी बदलून घेतल्या आहेत. त्याच वर्षी, वीस वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले. माझी मुदत २०२८ साली संपते. ते पैसे कोण भरणार, असे मी परवा सहज विचारले. कन्येने उत्तर दिले नाही. गाडीची किल्ली मात्र तिच्याच पर्समध्ये होती.