थैली सगळ्यांपुढे फिरू द्या

गरिबाकडून मंडळीने पैसे मागू नयेत, असे माझे ठाम मत होते आणि पंच कमिटीच्या बैठकांत मी ते आग्रहाने मांडत असे. ज्याचे घर ऊसतोडीवर किंवा रोजंदारीवर चालते, त्याच्यापुढे अर्पणाची थैली धरायचीच कशाला? आज मला तसे वाटत नाही. मत का बदलले ते सांगायला हवे, कारण माझ्यासारखा विचार करणारे मंडळीत पुष्कळ आहेत.

जुने मत उगाच बनलेले नव्हते. मार्काच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायात दोन टोल्या टाकणारी विधवा भेटते. अर्पणावरच्या उपदेशात ती हमखास येते. पण तिच्या गोष्टीच्या जरा आधी, त्याच अध्यायात, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशूने खडसावले आहे. ते फारसे कुणी वाचून दाखवत नाही. शिवाय हल्ली ‘आज द्या, देव शंभरपटीने परत करील’ असे सांगणारे प्रचारक गावोगाव फिरतात. त्यांच्या नादाने उसनवारी करून पाकीट भरणारी माणसे मी पाहिली आहेत. त्याची चीड मला तेव्हाही होती, आजही आहे.

विचाराला धक्का बसला तो सुगीच्या सणाला. उपासना झाली की आमच्याकडे आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. ज्वारी, भोपळे, केळीचे घड, पाय बांधलेली कोंबडी. बोली जिंकणारा बहुतेकदा वस्तू पुन्हा टेबलावर ठेवतो आणि ती दुसऱ्यांदा पुकारली जाते. त्या दिवशी शेतमजुरी करणारी एक मावशी भुशात नीट बसवलेली अंडी डब्यात घेऊन आली. मी हळूच म्हणालो, “मावशी, राहू द्या. नातवंडांना खाऊ घाला.” तिने डबा मागे घेतला नाही. म्हणाली, “दादा, माझ्या दुखण्यात मंडळीनं औषधपाणी केलं, ते मी घेतलं ना? मग माझं तुम्हाला का नको?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तिची काळजी घेत होतो हे खरे, पण त्याचबरोबर ती कायम घेणारीच राहणार, हेही मी परस्पर ठरवून टाकले होते.

त्यानंतर पौलाचे करिंथकरांस दुसरे पत्र मी नव्याने वाचले. यरुशलेमेतल्या गरजूंसाठी तो वर्गणी जमवत होता. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतःच हलाखीत होत्या, तरी आम्हालाही देऊ द्या, अशी त्यांनीच त्याच्याकडे विनवणी केली. पौलाने त्यांना थांबवले नाही. मिझोरामचेही तसेच. तिथल्या ख्रिस्ती घरांत 1910 पासून एक रीत आहे. स्वयंपाकाला तांदूळ काढले की बाई त्यातली एक मूठ मंडळीसाठी वेगळ्या भांड्यात टाकते. जमलेले तांदूळ विकून सुवार्तेचे काम चालते. वेल्समधून आलेल्या मिशनऱ्यांनी ज्यांना शुभवर्तमान सांगितले, त्यांच्याच मंडळ्या पुढे स्वतःचे मिशनरी बाहेर पाठवू लागल्या. ते एकट्या धनवानांच्या जोरावर घडले नसते.

आपल्याकडे मंडळ्यांचा डोलारा फार काळ परदेशी पैशावर उभा होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे परावलंबन सलत होते. 1917 साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. आपल्या लोकांच्या देण्यावर विश्वास असल्याशिवाय असे पाऊल कोण उचलेल?

सरसकट दशांशाचा नियम मात्र मला पटत नाही. बारा हजार मिळवणाऱ्याने बाराशे दिले तर घरातला किराणा कमी होतो. सव्वा लाख मिळवणाऱ्याने साडेबारा हजार दिले तरी त्याच्या ताटातले काही हलत नाही. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली तरुणपणी वर्षाला 28 पौंडांत राहत. मिळकत वाढली तरी त्यांनी खर्च तेवढाच ठेवला आणि वरचे वाटून टाकले. सुखवस्तू माणसाने दहाव्या हिश्शावर न थांबता हे माप लावून पाहावे.

पंचांना माझी विनंती आहे. थैली कुणालाही न वगळता सगळ्यांपुढे फिरवा. कुणी काही टाकले नाही तरी त्याच्याकडे पाहू नका. कुणी किती दिले ते व्यासपीठावरून वाचू नका. दिल्याबद्दल नोकरी, बरे होणे किंवा बरकत यांचे आश्वासन देऊ नका. आणि वर्षाचा जमाखर्च पै-पैसह मंडळीपुढे ठेवा. अंडी देणाऱ्या मावशीलाही तो विचारण्याचा तितकाच हक्क आहे.