कुलूप कोणत्या दाराला?

धनजमध्ये (ता. कारंजा, जि. वाशिम) माझा भाचा मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. उत्पन्नाचे दाखले, गुणपत्रिका, पासबुकाच्या प्रती त्याच्या छोट्या वेबसाइटवर जमा होतात. वेबसाइट पीएचपीत आहे. परवा त्याने फोन केला, "मामू, पीएचपीतली धोक्याची फंक्शन्स बंद करू म्हणतो. साइट बंद तर नाही ना पडणार?"

प्रश्न रास्त आहे. १९९५ साली रासमुस लेर्डोर्फ यांनी जगापुढे ठेवलेल्या या भाषेत शेकडो तयार फंक्शन्स आहेत. बहुतेक साधी: तारीख सांगणारी, मजकूर जोडणारी. पण एक्झेक, शेल_एक्झेक, सिस्टिम, पासथ्रू, पीओपन, प्रॉक_ओपन ही थेट सर्व्हरला हुकूम देतात. गुणपत्रिकेच्या नावाखाली कुणी पीएचपीची फाइल चढवली आणि सर्व्हरने ती चालवली, तर हे हुकूम त्या परक्याच्या हाती जातात. अर्ज भरण्याच्या कामात त्यांची गरज काय?

पीएचपी.आयएनआय या फाइलमध्ये 'डिसेबल_फंक्शन्स' अशी ओळ असते. तिथे ही नावे स्वल्पविराम देऊन लिहायची आणि पीएचपीची सेवा पुन्हा सुरू करायची. ही यादी वेबसाइटच्या कोडमधून बदलता येत नाही, हीच तिची ताकद. त्याआधी आपल्या कोडमध्ये ही नावे शोधून पाहावीत. बॅकअप किंवा फोटो लहान करणारी एखादी सोय त्यांवर चालत असू शकते.

पण यादी केली म्हणून निर्धास्त होऊ नये. 'इव्हॅल' या यादीने बंद होत नाही, कारण ते फंक्शन नसून भाषेचाच भाग आहे. पूर्वी पीएचपीत 'सेफ मोड' होता. नाव सुरक्षित, पण भरवसा खोटा. म्हणून २००९ मध्ये तो कालबाह्य ठरवला आणि २०१२ मध्ये काढूनच टाकला.

शिवाय फाइल वाचणारी फंक्शन्स साइटलाच लागतात, ती बंद करता येत नाहीत. आत शिरलेला माणूस त्यांनीच दाखले वाचून नेईल. म्हणून भाच्याला आणखी तीन कामे सांगितली: आलेली फाइल खरोखर फोटो किंवा पीडीएफ आहे का ते तपासायचे, त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालू द्यायचे नाही, आणि काम झालेले कागद सर्व्हरवरून काढून टाकायचे.

शेवटचे काम त्याला जड गेले. "लोक पुन्हा मागतात, मामू." मागू देत. ते कागद आपल्याकडे अमानत आहेत, आपली मालमत्ता नव्हेत. जे ठेवलेच नाही, ते चोरीला जात नाही.