अनामत हत्यारे

कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी बंदुकीचे दुकान चालते ते संत्र्याच्या बागा आणि कपाशीची वावरे रानडुकरांपासून राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या जिवावर; त्यांना हवी असते बारा बोअरची बंदूक, क्वचित ठासणीची, आणि पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर विकत घेणारा इसम आमच्या पायरीवर वर्षानुवर्षे दिसत नसे. तरीही दूरदेशीच्या कारागिरांनी हातात मावणाऱ्या हत्यारापायी जे विलक्षण प्रयोग केले, त्यांतले काही मी याच दुकानात पाहिले, याचे कारण ती हत्यारे विक्रीस येत नसत, अनामत म्हणून येत. परवानेदार निवर्तला की त्याचे हत्यार वारसांना तसेच घरी ठेवता येत नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या २१व्या कलमान्वये ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, संपुष्टात आली, वाड्यांचा दिमाख ओसरला, परंतु इंग्रजी अमदानीत हौसेने खरेदी केलेली हत्यारे पेट्यांत तशीच पडून राहिली, आणि एकेक पिढी सरली तशी ती बाबांच्या लोखंडी कपाटात येऊन विसावली.

बालपणी पाहिलेले त्यांतले सर्वांत जुने रिव्हॉल्व्हर लफोशे या फ्रेंच कारागिराच्या पद्धतीचे होते. त्याच्या काडतुसाच्या बुडाशी एक पितळी टाचणी आडवी बाहेर डोकावे, तिच्यासाठी चक्राच्या कडेला खाच ठेवलेली असे, आणि घोडा वरून त्या टाचणीवर पडे. काडतूस खिशातून पडले तरी धोका, हे त्या युक्तीचे वैगुण्य माझ्या बालबुद्धीलाही उमगले होते.

परंतु ज्या हत्याराने माझी दृष्टी कायमची बदलली, ते वेब्ली-फॉस्बेरी. एका दिवंगत मालगुजाराचा नातू ते धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला आणि म्हणाला, “काका, हे भंगारात देता येईल का?” बाबांनी आधी ते मधून मोडून, म्हणजे उघडून, चक्राची सहाही घरे रिकामी असल्याची खात्री केली, मग शांतपणे म्हणाले, “नाही भाऊ, भंगारात देता येत नाही. आणि येत असतं तरी मी देऊ दिलं नसतं.” तो गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून चक्राची पाठ दाखविली. तिच्यावर नागमोडी खाचा कोरलेल्या होत्या, आणि खालच्या सांगाड्यात बसविलेली एक स्थिर खुंटी त्या खाचांतून सरकत असे. बार उडताच त्याच्याच धक्क्याने नळी आणि चक्र दोन्ही मागे सरकत, घोडा आपोआप चढे. मागे जाताना चक्र अर्धे घर फिरे, पुढे येताना उरलेले अर्धे, आणि पुढची गोळी नळीसमोर येऊन सिद्ध होई. मनगट ढिले राहिले किंवा खाचांत चिखल शिरला, तर मात्र हे सारे अडून बसे.

ही योजना ज्याच्या मस्तकातून निघाली तो जॉर्ज फॉस्बेरी हिंदुस्थानातल्या बंगाल सेनेचा अधिकारी होता, आणि वायव्य सरहद्दीवरील आंबेलाच्या मोहिमेत १८६३ साली त्याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला होता. शत्रू अंगावर येत असताना दुसरा बार किती लवकर निघेल, हा प्रश्न त्याला ग्रंथातून सुचला नसावा, असे मला मनापासून वाटते. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने ते हत्यार १९०१ पासून बाजारात आणले. सैन्याने ते अधिकृतपणे कधी स्वीकारले नाही. पुढे माउझरचे चापापुढे गोळ्यांची पेटी असलेले पिस्तूलही एकदा पाहावयास मिळाले, आणि त्यातही मला त्याच प्रश्नाचे निराळे उत्तर दिसले.

फॉस्बेरीची युक्ती निर्वंश झाली, वेब्लीची साधी, मधून मोडणारी रचना मात्र टिकली. २०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून जे ‘निर्भीक’ काढले, त्या अर्ध्या किलोच्या टायटॅनियमी .३२ रिव्हॉल्व्हरचे कूळ तेच आहे. उपयुक्त वस्तूंचा वंश असा चालत राहतो. त्यांची चिंता करण्याचे कारण नाही.

चिंता आहे ती फसलेल्या वस्तूंची. अनामत हत्यार विहित मुदतीत कोणी सोडविले नाही अथवा विकले नाही, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने ते सरकारजमा होते, आणि ज्याचे काडतूस मिळणेच दुरापास्त, त्यासाठी नवा परवाना काढण्याची यातायात कोणता वारस करील? नागपुरात १८६३ सालीच स्थापन झालेला अजब बंगला हे वस्तुसंग्रहालय आहे, तेथे शस्त्रांचे दालन आहे. अशा हत्यारांना निकामी करून तेथे जागा द्यावी, असे मी संबंधितांना कळकळीने सांगत आलो आहे. वारसांनाही माझी एक विनंती असते: हत्यार आणाल तेव्हा आजोबांचा जुना परवाना आणि खरेदीची पावती, कितीही जीर्ण झालेली असो, सोबत आणा. नळीवरच्या ठशांवरून बर्मिंगहॅम कळते; ते हत्यार कोणत्या पेढीवरून, कोणत्या साली, कोणाच्या हाती या मुलखात आले, ते त्या कागदांवाचून कळत नाही.