रॅनॉकच्या माळावर

स्कॉटलंडच्या प्रवासवर्णनांतून सरोवरें, जुने गड आणि धुकें हीं वाचकांच्या चांगल्या परिचयाचीं झालीं आहेत. मी आज ज्या रस्त्याची हकीकत सांगणार आहें, तेथेंही हें सर्व आहेच; परंतु आम्हांस तो रस्ता स्मरणांत राहिला तो एका वीतभर रबरी नळीमुळें.

आमचे चिरंजीव एडिंबरा येथें नोकरीस असतात. त्यांनीं तेथें एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली आहे. आंत निजावयाचें बाक, शेगडी, लहानसें कपाट. एकंदरींत चाकांवरचें बिऱ्हाडच. गाडी १९८६ सालची फोक्सवॅगन. या घडणीच्या गाड्यांचीं पेट्रोलचीं इंजिनें पूर्वीं वाऱ्यानें निवत. १९८२ सालीं पाण्यानें निवणारें इंजिन आलें. मात्र इंजिन मागें आणि रेडिएटर पुढें, अशी तिची ठेवण. ही खरेदी मला मुळींच पसंत नव्हती. "म्हाताऱ्या गाडीवर कसला भरवसा ठेवतोस?" असें मीं बोलूनही दाखविलें होतें. त्यावर तो कांहीं बोलला नाहीं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत मी, सौभाग्यवती, मुलगा, सून व चार वर्षांची नात असे आम्ही ग्लेन्कोच्या खोऱ्याकडे निघालों. स्टर्लिंग, कॅलंडर, क्रिअनलॅरिक, टिंड्रम हीं गांवें मागें पडलीं. ब्रिज ऑफ ऑर्कीच्या पुढें रस्ता चढूं लागतो आणि चढ संपला कीं रॅनॉकचा माळ एकदम समोर पसरतो. झाड विरळाच, तांबूस गवत, दलदलीचें काळें पाणी आणि मधून मधून ग्रॅनाइटचे धोंडे. मला आपल्या देशावरच्या माळाची आठवण झाली. पण त्या माळाला ऊन तरी असतें! येथें चार वाजून गेले आणि उजेड ओसरूं लागला.

हीटर पुरा उघडला होता, तरी पुढें कोमटही म्हणवणार नाहीं असा वारा येत होता. नातीचे ओठ निळसर दिसूं लागले. श्वासाच्या वाफेनें समोरची कांच आंतून धुरकट झाली. सून ती पुसत होती आणि ती पुन्हां भरत होती. अखेर लॉख बा नांवाच्या सरोवराजवळ मुलानें गाडी कडेला घेतली. मी म्हणालों, "मीं सांगितलें नव्हतें? जुनें तें जुनेंच!"

इतक्यांत नातीसाठीं पांघरूण काढावें म्हणून सौभाग्यवतींनीं मागच्या बाकाखालची पेटी उघडली.

"अहो, हें पांघरूण ऊन कसें?"

मुलगा चटकन् मागें आला. विजेच्या बत्तीच्या उजेडांत त्यानें बाकाखालीं पाहिलें आणि त्याला सर्व उलगडा झाला. इंजिनांतलें कढत पाणी एका नळीनें पुढें जातें, हीटरच्या जाळींतून फिरतांना आपली ऊब हवेला देतें आणि दुसऱ्या नळीनें इंजिनाकडे परततें. या गाड्यांत मागच्या बाकाखालीं दुसराही एक हीटर असतो. त्यासाठीं जाणारी आणि येणारी, अशा दोन्ही नळ्यांना फांटे काढलेले असतात. पूर्वीच्या कोणा मालकानें तो हीटर काढून टाकला आणि उघडीं राहिलेलीं दोन तोंडें एका वांकड्या नळीनें एकमेकांस जोडलीं. पाणी गळलें नाहीं, इंजिन तापलें नाहीं; म्हणून संशय कोणालाच आला नाहीं. पण सोपी वाट धरणें हा पाण्याचा स्वभाव. पुढचा लांबचा फेरा टाळून बहुतेक पाणी या आंखूड नळींतूनच माघारें वळत होतें. ऊब गाडींत होती. ज्यांना हवी होती त्यांच्यापर्यंत ती पोंचत नव्हती. मी मात्र तिच्यावरच बसून कुडकुडत होतों!

इंजिन बंद करून मुलानें ती नळी शिकंजानें घट्ट आवळली. पुन्हां गाडी सुरू झाली आणि दहा मिनिटांत पुढून ऊन वारा येऊं लागला. कांच निवळली. नात आजीच्या मांडीवर डोकें टेकून झोंपली.

ग्लेन्कोच्या तोंडाशीं बूखल एटिव्ह मोर हा डोंगर पहारेकऱ्यासारखा उभा आहे. याच खोऱ्यांत १३ फेब्रुवारी १६९२ रोजीं, सुमारें बारा दिवस ज्यांच्या घरीं पाहुणचार घेतला त्या मॅक्डोनल्ड कुळांतील सुमारें ३८ जणांस राजाच्या सैनिकांनीं ठार केलें. जे निसटले, त्यांपैकीं कित्येक डोंगरांत थंडीनें मेले. निजलेल्या नातीकडे पाहतांना ती थंडी मला प्रथमच कळली.

एडिंबऱ्यास परतल्यावर मुलानें ती वांकडी नळी काढली. इंजिन निवल्यावर जाणारी नळी जाणारीस, येणारी येणारीस सरळ जोडली. पुढची बाजू उंचावर घेऊन रेडिएटरच्या वरच्या स्क्रूवाटे आंत कोंडलेली हवाही काढली. कारण हवेचा बुडबुडा अडला तर नीट जोडलेल्या नळ्याही निरुपयोगी. "बाबा, नळी सोडवण्याआधीं तिला रंगीत दोरा बांधून ठेवावा, म्हणजे चूक होत नाहीं," असें तो मला सांगत होता.

मीं त्याच्या हातांत निळा दोरा दिला आणि म्हटलें, "अरे, गाडी चांगली आहे तुझी." दोष तिच्या वयाचा नव्हता, जोडणीचा होता; आणि सत्तरी उलटलेल्या माणसानें तरी हें आधीं ओळखावयास हवें होतें.