शंभर गळे आणि एक गिटार

पंढरीला निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी आमच्या नगरवरून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरवरून, पुढं जाते. मुलांनो, दिंडीतला अभंग कधी कान देऊन ऐकलाय? शंभर गळे एकच ओळ म्हणतात. पण कुणी किंचित आधी, कुणी मागून. कुणाचा सूर जरासा वर, कुणाचा खाली. या बारीक फरकामुळंच आवाज कसा भरून येतो!

इलेक्ट्रिक गिटारचं कोरस पेडल हीच युक्ती करतं. पायानं दाबायची ती छोटी डबी गिटारच्या आवाजाची नक्कल काढते, सेकंदाच्या अगदी छोट्या भागाइतकी मागं ठेवते, सूर थोडा हलवते आणि मूळ आवाजात मिसळते. आवाज मागं ठेवणारी 'बकेट ब्रिगेड' ही रचना फिलिप्स कंपनीतल्या सँगस्टर आणि टीर यांनी १९६९ साली मांडली. बकेट म्हणजे बादली. विहिरीपासून रांग लावून बादल्या हातोहात पुढं द्याव्यात, तसा आवाज तिच्यात पुढं सरकतो!

माझ्या नववीतल्या पुतणीला असं पेडल हवं होतं. हातात वर्षभराची बचत आणि समोर दोन पेडलं: एक साधं, दुसरं स्टिरिओ, महाग आणि आवाज बाहेर न्यायला दोन सॉकेट असलेलं.

"काका, दोन म्हणजे जास्त चांगलं ना?"

"तुझ्याकडं अँप्लिफायर किती?"

"एकच की!"

इथंच तर सगळी गंमत आहे. जपानच्या रोलँड कंपनीनं १९७५ साली जेसी-१२० हा अँप्लिफायर आणला. त्यात दोन स्पीकर. कोरस चालू केला की एकातून मूळ आवाज, दुसऱ्यातून हलता. दोन्ही मिसळतात ते बाहेर, हवेत! त्यातलीच करामत १९७६ साली बॉसच्या सीई-१ या पेडलमध्ये आली. पण असा पसरलेला आवाज ऐकायला दोन स्पीकर हवेत. अँप्लिफायर एकच असेल, तर दुसरं सॉकेट नुसतं रिकामं राहणार.

पुतणीनं आपली गिटार दुकानात नेली. एकाच अँप्लिफायरवर, डोळे मिटून, दोन्ही पेडलं वाजवून पाहिली. साध्याचाच आवाज तिला जास्त गोड वाटला. तेच घेतलं, उरलेल्या पैशांत तारांचा नवा संच आला.

तुमच्याकडं दोन अँप्लिफायर असतील, तर स्टिरिओ जरूर घ्या. पण आधी घरात काय आहे ते मोजा, मग किंमत वाचा. आणि शेवटचा निकाल कानाला द्या, बरं का!